सशाची लघवी चुन्यासारखी घट्ट होतेय, काय करावं?

टोपलीभर_मेथी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे भुऱ्या नावाचा ससा आहे. नर, साडेचार वर्षांचा, वजन २.३ किलो. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या ट्रेमध्ये हल्ली पांढरट चिकट थर साचतो. ओला असताना पानाला लावायच्या चुन्यासारखा दिसतो, वाळला की उलथन्याने खरवडावा लागतो. शू करताना शेपटी उचलून बराच वेळ कुंथत बसतो आणि चार थेंब टाकून उठतो. मग सोफ्याजवळ, दारापाशी, कुठेही करतो. मागचे पाय आतून कायम ओले. तिथले केस गेलेत, कातडी लाल झालीय. खाणं मात्र व्यवस्थित आहे.

जवळच्या डॉक्टरांकडे कुत्री-मांजरंच जास्त येतात. त्यांनी इन्फेक्शन म्हणून तोंडाने द्यायचं औषध लिहून दिलंय. सशांना काही अँटिबायोटिक चालत नाहीत असं वाचल्यामुळे अजून सुरू केलेलं नाही.

रोजचं खाणं: सकाळी खुराकाच्या गोळ्या, दिवसभर मंडईतला घास (हिरवा चारा), संध्याकाळी मेथी, कोथिंबीर, थोडं गाजर. पाणी पिंजऱ्याला अडकवलेल्या बाटलीतून, ती गोळी ढकलून प्यायची असते ती. सोसायटीत टँकरचं पाणी येतं, बादल्यांवर पांढरे डाग पडतात. सासूबाईंचं ठाम मत आहे की हे सगळं त्या पाण्यानेच झालं.

हा मूतखडाच ना? आरओचं पाणी सुरू करू का? आणि हुलग्याचं कढण सशाला चालतं का? (हसू नका, घरात प्रत्येकाने एकेक उपाय सुचवलाय.)

निवांत_नागपूरकर

हसत नाही, पण कढण देऊ नका ताई. माणसाला मूतखडा झाला की हुलगे आणि पानफुटी हे आपल्याकडे ठरलेलं आहे. सशाचं आतडं वेगळं असतं, डाळी-कडधान्यांनी तिथे गॅस धरतो. आमच्या मादीला पाहुण्यांनी कौतुकाने भिजवलेले हरभरे चारले होते. रात्रभर पोट फुगून एका कोपऱ्यात बसली होती.

पाण्याबद्दल मलाही वाटतं की क्षार असणार. आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे.

प्राण्यांचा_वैद्य

मी पशुवैद्य आहे, ससे आणि गिनीपिग नियमित बघतो. न तपासता निदान करत नाही, तरी काही गोष्टी लगेच सांगायला हव्यात.

आधी ते औषध. चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन यांपैकी काही असेल तर तोंडाने अजिबात देऊ नका. सशाचं पचन आंधळ्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. ही औषधं त्यातले चांगले जिवाणू मारतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा जुलाब होऊन दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा गटातलं असेल तर ती भीती नाही. पण मुळात इन्फेक्शन आहे का, हे लघवी तपासल्याशिवाय कळायचं नाही. मूत्राशयात असा पांढरा गाळ साचलेल्या बऱ्याच सशांत ते नसतंच.

दुसरं, आजपासून ट्रेवर लक्ष ठेवा. कुंथतोय पण थेंबही येत नाही, पोट घट्ट लागतंय, दात करकर वाजवतोय, खाणं सोडलंय, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. नराची मूत्रनलिका अरुंद असते, खडा अडकून ती बंद झाली तर काही तासांत जिवावर बेततं. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

आता पांढऱ्या रंगाचं. सशाची लघवी थोडी गढूळ असणं हीच त्याची तब्येत. आपण किंवा कुत्रा-मांजर, शरीराला लागेल तेवढंच कॅल्शियम आतड्यातून घेतो, बाकीचं शेणावाटे जातं. सशाचं आतडं असं मोजून घेत नाही. खाण्यात जेवढं जास्त, तेवढं रक्तात जास्त, आणि वरचं सगळं काढून टाकायचं काम मूत्रपिंडावर. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत मूत्रपिंडातून गाळलेल्या कॅल्शियमपैकी २ टक्क्यांहूनही कमी लघवीत उतरतं, सशात ४५ ते ६० टक्के. त्यात त्याची लघवी अल्कधर्मी, पीएच ८-९ च्या आसपास. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होणारच. वाळल्यावर फरशीवर पांढरी भुकटी राहते ती हीच. त्याने घाबरायचं कारण नाही.

बिघडतं कधी, तर हे कण लघवीबरोबर बाहेर न पडता मूत्राशयाच्या तळाशी बसायला लागतात तेव्हा. पाणी कमी, हालचाल कमी, वजन जास्त, पाठ किंवा पाय दुखत असल्याने शू करायला नीट उकिडवं बसता येत नाही, घाणेरडा ट्रे आवडत नाही म्हणून शू धरून ठेवतो, अशी एक-दोन कारणं बहुतेक वेळा सापडतात. गंमत म्हणजे तळाशी गाळ असलेला ससा वरवर स्वच्छ लघवी करताना दिसतो. वरचं पाणी निघून जातं, गाळ तिथेच. त्यामुळे ‘आज लघवी छान पिवळी होती’ यावर विसंबू नका.

एक्स-रे काढून घ्या. सशाचे खडे कॅल्शियमचे असतात, एक्स-रेवर ठळक दिसतात. नुसता गाळ असला तर मूत्राशयाचा सगळा आकारच पांढरा उमटतो. सोबत मूत्रपिंडंही बघता येतात. जवळ सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, मुंबईत परळला, पुण्याच्या बाजूला शिरवळला, विदर्भात नागपूरला. फोन करून सशांचं कोण बघतं ते विचारून जा.

गणिती_गोंधळ

पाण्याचा मुद्दा आला म्हणून हिशेब मांडतो. इंजिनियर आहे, राहवत नाही.

समजा टँकरचं पाणी बऱ्यापैकी जड आहे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३०० मिलिग्रॅम. तो सगळा जडपणा कॅल्शियमचाच धरला तरी शुद्ध कॅल्शियम त्याच्या ४० टक्के, म्हणजे लिटरला १२० मिलिग्रॅम. सव्वादोन किलोचा ससा दिवसाला पाव लिटर प्यायला तर पोटात गेलं ३० मिलिग्रॅम.

आता घास. मंडईत मिळतो तो लसूणघास ना? २०० ग्रॅम ओला घास वाळवला तर ४०-५० ग्रॅम उरेल. लसूणघासात सुक्या वजनाच्या सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम असतं. म्हणजे ५०० ते ७५० मिलिग्रॅम.

सासूबाईंना नमस्कार सांगा, पण आरोपी पाणी नाही.

टोपलीभर_मेथी

हिशेब त्यांना वाचून दाखवला. ‘मग इतकी वर्षं गायी कशा खातात’ असं म्हणाल्या. :)

चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिनच होतं. दिलं नाही ते बरं झालं. एक्स-रेची वेळ उद्याची मिळालीय. रात्री उपाशी ठेवायचं का?

प्राण्यांचा_वैद्य

नाही! भूल द्यायची असली तरी सशाला उपाशी ठेवत नाहीत. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे त्या कारणाने पोट रिकामं ठेवायची गरज नसते. उलट दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं मंदावतं आणि ते नवं दुखणं मागे लागतं. गवत सोबत न्या, जाताना-येताना पुढ्यात असू द्या. कोणी ‘रात्री दहानंतर काही देऊ नका’ म्हणालं तर नम्रपणे दुसरं मत घ्या.

गायीचं उत्तर: गाय जास्तीचं कॅल्शियम शेणातून टाकते, दुधातूनही देते. भुऱ्याला यातलं काहीच जमत नाही.

कापूसकोंड्याची_आजी

मी अकरा वर्षं ससे सांभाळतेय म्हणून आगाऊपणा करते. कॅल्शियमचं ऐकून लगेच पालेभाजी बंद करू नकोस गं. आमच्या एका ग्रुपवर हेच सुरू होतं: मेथी बंद, कोथिंबीर बंद, सगळं हिरवं बंद, नुसतं वाळलं गवत. ससा आणखी कोरडा पडला आणि गाळ वाढला. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांत कॅल्शियम जास्त आहे हे खरं, ते रोज नको. पण ओला पाला म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच. मी कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस, मुळ्याचा थोडा पाला, काकडीची सालं असं आलटून-पालटून धुऊन निथळू न देता तशीच टपटपती घालते. ससा भांड्यातलं पाणी पिवो न पिवो, पाल्याला चिकटलेलं तर पोटात जातंच.

आणि ती बाटली काढ. जड मातीचं किंवा सिरॅमिकचं पसरट भांडं ठेव. ससा मान खाली घालून प्यायचा प्राणी आहे, एकेक थेंब चाटत त्याची तहान भागत नाही. माझ्या प्रत्येक सशाने भांडं ठेवल्यावर उघड दिसेल इतकं जास्त पाणी प्यायलंय. दोन ठिकाणी ठेव, एक पिंजऱ्यात, एक तो दुपारी पसरतो तिथे. उन्हाळ्यात तर नक्कीच. पुण्याचा एप्रिल माणसाला सोसत नाही, हा तर अंगावर कोट घालून बसलेला.

प्राण्यांचा_वैद्य

आजींना पूर्ण अनुमोदन. कॅल्शियम पार तोडायचंही नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, हाडं-दात दोन्हींना ते लागतं. जास्तीचं काढायचं, म्हणजे मोठ्या सशाला लसूणघास आणि लसूणघासाच्या गोळ्या बंद. दुकानात मिळतात त्या बहुतेक गोळ्या वाढीच्या पिल्लांच्या हिशेबाने असतात, पाकिटावर कॅल्शियमचा आकडा बघून घ्या. क्षारांच्या चाटायच्या वड्या, कॅल्शियमचे थेंब, जीवनसत्त्व ड असलेली टॉनिकं, सगळी कपाटात. या वड्या पिंजऱ्यासोबत भेट म्हणून का देतात हे मला आजवर उमगलेलं नाही.

मांजरांसारखं लघवी आम्लधर्मी करून खडे विरघळवायचा बेत सशात चालत नाही. कॅल्शियम कार्बोनेटचा खडा झाला की तो शस्त्रक्रियेनेच निघतो. म्हणूनच गाळाच्या पायरीवर थांबवण्यात शहाणपण आहे.

लालबुंद_नाशिक

याच धाग्यावर विचारते, वेगळा काढत नाही. आमच्या चिंगीची शू कालपासून विटकरी लाल होतेय. बीट दिलेलं नाही. पाच वर्षांची आहे, नसबंदी केलेली नाही. टपाटप उड्या मारतेय, खातेय. रक्त आहे का हे?

प्राण्यांचा_वैद्य

रंगावरून सांगता येत नाही. काही पाल्यांमुळे, औषधांमुळे, ताणामुळेही लघवी नारिंगी ते गडद लाल होते. त्यात रंगद्रव्यं असतात, रक्त नसतं, आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं. केमिस्टकडे लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. ट्रेमधला कागद-गवत काढून कोरड्या प्लॅस्टिकवर ताजी लघवी घ्या आणि पट्टी बुडवा. रक्ताचा चौकोन रंग बदलला तर डॉक्टर गाठा.

तुमच्या बाबतीत मात्र पट्टी कोरी निघाली तरी दाखवून घ्या असं सुचवेन. नसबंदी न केलेल्या मादीत चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण खूप मोठं आहे, काही जातींत निम्म्याहून जास्त. ते रक्त लघवीसोबत, बहुतेकदा शेवटी गाठी होऊन पडतं. सगळी लघवी एकसारखी लाल आहे की पिवळ्या लघवीत मध्येच लाल गाठ आहे, हे बारकाईने बघा.

लालबुंद_नाशिक

बघितलं. पिवळ्यात लाल गाठ आहे. उद्याच घेऊन जाते.

थेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. आमचा ससा झोपल्या जागी भिजायचा, गाळ नव्हता, खडाही नव्हता. कारण निघालं एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली. हा सूक्ष्म परजीवी मूत्रपिंडात आणि मेंदू-मज्जातंतूंत शिरतो. मान एका बाजूला कलणं हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण, पण मागचे पाय लुळे पडणं आणि लघवीवरचा ताबा जाणं हेही त्यातच येतं. इथे २८ दिवस फेनबेंडाझोल देतात. गुरांच्या जंतांचं जे औषध असतं तेच, प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

हे लिहायचं कारण, ‘ओलं बूड म्हणजे गाळ’ असं समीकरण धरू नका. भुऱ्या सरळ चालतो ना? वळताना तोल जातो का?

टोपलीभर_मेथी

चालतो सरळ, पळतोही. एक्स-रे झाला. मूत्राशय अख्खं पांढरं दिसतंय, खडा नाही, मूत्रपिंडं साफ. पाठीच्या मणक्यांतही काही नाही. लघवीत जिवाणू सापडले नाहीत. थोडी भूल देऊन नळी घालून मूत्राशय सलाइनने धुऊन काढलं. जे बाहेर आलं ते डॉक्टरांनी इंजेक्शनच्या नळकांड्यात दाखवलं, निम्मं नळकांडं दाट पांढरा चिखल. घरी आल्यावर अर्ध्या तासात कोथिंबिरीवर तुटून पडला.

मेलॉक्सिकॅम दिलंय दुखण्यावर. डॉक्टर म्हणाले, दुखतं म्हणून तो शू धरतो आणि धरली की आणखी गाळ बसतो, ते चक्र आधी तोडायचं. शिवाय काही दिवस घरी कातडीखाली सलाइन द्यायचंय, त्यांनी शिकवलं. सलाइन आधी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, थंडगार गेलं तर तो दचकतो. मी त्याला टॉवेलवर धरते, नवरा दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत वर घेतो, सुई कातडीला समांतर आत. पाणी जायला लागलं की तिथे मऊ फुगवटा येतो आणि हळूहळू एका पुढच्या पायाकडे उतरतो. पहिल्यांदा बघून मी घाबरले, पण दोन-तीन तासांत तो जिरतो. सगळा कार्यक्रम होईपर्यंत तो पुदिना चघळत असतो.

आता पायांच्या आतलं लाल झालेलं कसं सांभाळू? रोज आंघोळ घालू का?

कापूसकोंड्याची_आजी

अख्खी आंघोळ कधीच नको. सशाला गारठा भरतो, भीतीने तर त्याहून वाईट हाल होतात. फक्त बूड धुवायचं. उथळ तसराळ्यात दोन बोटं कोमट पाणी, मागचे पाय त्यात, पुढचे पाय तुझ्या मनगटावर. साबण नाही, डेटॉल तर नाहीच. चुना केसांत घट्ट बसला असेल तर ओढू नकोस, सशाची कातडी कागदागत पातळ, टरकन फाटते. भिजू दे, बोटांनी सुटेल. मग टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं कर. अर्धवट ओलं ठेवण्यापेक्षा न धुतलेलं परवडलं. टाल्कम पावडर लावू नकोस, ती नाकात जाते. मलम लावायचं तर डॉक्टरांना विचारूनच, कारण हा लगेच चाटणार.

पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ उलटा करून बघायचा. ओल्या बुडाला माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात आणि त्या जिवंत मांसात शिरतात. फिनेल वगैरे काही न टाकता तडक दवाखाना. शेजारणीचा ससा असाच गेला, म्हणून इतकं कळवळून लिहिते.

प्राण्यांचा_वैद्य

माशांवर म्हणून कुत्र्याचे फिप्रोनिलचे (पिसू-गोचिडांवरचं औषध) थेंब किंवा फवारा सशाला कदापि नको. जीव जातो.

ट्रेची एक कड खाली कापून घ्या, म्हणजे त्याला उडी मारावी लागणार नाही. तळाला कागद, वर लाकडी पेलेट, एका टोकाला गवताचा ढीग. ससे खाता-खाता शू करतात, त्यामुळे गवत तिथे असलं की जास्त वेळा जातात आणि मूत्राशय वरचेवर रिकामं होतं. गठ्ठा होणारी मांजरांची वाळू नको. पिंजरा दिवसभर उघडा ठेवता आला तर बघा. पळाला की तळाचा गाळ ढवळला जातो. गाळाचे ससे मी बघतो त्यात दिवसभर कोंडलेले आणि गोलमटोल झालेलेच जास्त.

भरकटलेला_भोपळा

सगळं वाचतोय. एक व्यवहारी प्रश्न: घास बंद केला तर घालायचं काय? परदेशी टिमोथी गवताचा भाव ऐकून मीच आजारी पडेन. आणि नवी मुंबईत गवत म्हणजे रस्त्याच्या दुभाजकावरचं.

निवांत_नागपूरकर

दुभाजकावरचं नको, फवारणी आणि गाड्यांचा धूर. लॉन कापलेल्या यंत्रातलंही नको, चिरडलेलं गवत लगेच आंबतं. नर्सरीतून बी आणून हरळी कुंडीत लावा, गणपतीआधी दूर्वा विकणारे असतात त्यांना बारमाही गिऱ्हाईक हवंच असतं. आमच्याकडे दुधवाल्याचा भाऊ ओट वाळवून देतो, त्यावर चालतं. मारवेल, पवन्या मिळालं तर सोनं. कडबाही चघळतात, पण पानं खाऊन दांडे टाकतात. फक्त कोवळी हिरवी ज्वारी टाळा, तिच्यात विषारी द्रव्य असतं, गुरंही दगावतात.

पोतं जमिनीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात खालून बुरशी धरते आणि वरून कळत नाही. वास घेऊन बघायचं, कुबट आला तर फेकून द्यायचं.

टोपलीभर_मेथी

आम्ही घासात ओट मिसळून हळूहळू प्रमाण बदलतोय. एकदम बदललं तर तो रुसून बसतो, खाणंच सोडतो. आता तीन हिस्से ओट, एक हिस्सा घास. खुराक दोन चमच्यांवर आणला. ट्रेमधला थर पातळ झालाय, ओल्या फडक्याने निघतो. सोफ्याजवळ करणं थांबलं. पुन्हा एक्स-रे दीड महिन्याने.

@लालबुंद_नाशिक, चिंगीचं काय झालं?

लालबुंद_नाशिक

गर्भाशयातच निघालं. सोनोग्राफीत गाठ दिसली, छातीच्या एक्स-रेत काही पसरलेलं नाही. शनिवारी ऑपरेशन आहे, तोवर गवत पुढ्यातून हलवू नका म्हणालेत. धाकटी मादी आठ महिन्यांची आहे, तिच्या नसबंदीचंही त्याच डॉक्टरांशी बोलून आले.

भरकटलेला_भोपळा

चिंगीला शुभेच्छा. नागपूरकर, ओटवाल्या भावाचा माल मुंबईत येतो का? विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) बघा.

निवांत_नागपूरकर

ट्रान्सपोर्टने येतो, पण अख्खं पोतं घ्यावं लागेल. तिघं-चौघं मिळून घेत असाल तर सांगा, विचारतो.